फडक्यावरची लाल धूळ



या खेपेला आम्ही मोटारसायकलविषयी लिहिणार आहोत. धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या, कला शाखेची पदवी मिळवलेल्या आणि पंचेचाळिशी गाठलेल्या माणसानं गाडीच्या इंजिनावर लिहावं, याचं तुमच्यापैकी काहींना हसू येईल. येऊ द्या. पण गेल्या उन्हाळ्यात आमची झोप उडवली ती याच विषयानं. जे घडलं ते सांगितल्याशिवाय पुढचं काही लिहवत नाही.

आमचा एक धर्मपुत्र आहे. आमच्या पेडण्याकडे ख्रिस्ती घरांत धर्मपित्याला अजून जुन्या वळणानं 'पाद्रीन' म्हणतात. तोही आम्हांला तसंच म्हणतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी हातांत घेतलं होतं ते पोर आता बावीस वर्षांचं झालं आहे. पर्यटनाच्या मोसमात आश्वेच्या किनाऱ्यावर एका शॅकमध्ये काम करतो. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत रात्री उशिरा घरी येतो आणि पावसाळ्यात बेकार असतो. दोन मोसमांच्या बचतीतून त्यानं एक जुनी हिरो इम्पल्स घेतली.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हिरो आणि होंडा वेगळे झाल्यावर 2011 साली हिरोनं इम्पल्स बाजारात आणली. उंच, सडपातळ, खड्ड्यांतून उड्या मारत जाणारी. इंजिन 149.2 सीसीचं, ताकद 13.2 पीएस. आपल्या देशात त्या वेळी कच्च्या रस्त्यांसाठी मुद्दाम बनवलेली गाडी क्वचितच मिळायची. पण ती फारशी खपली नाही आणि थोड्या वर्षांत बंद पडली. ज्यांनी ती जपली त्यांची तक्रार एकच: सांगाडा उत्तम, सस्पेन्शन उत्तम, फक्त इंजिनात जोर नाही. हौशी लोक तिच्यात करिझ्माचं 223 सीसीचं इंजिन बसवतात. ज्याच्या खिशात तेवढे पैसे नसतात तो एअरबॉक्सला हात घालतो.

एअरबॉक्स म्हणजे सीटखालचा प्लास्टिकचा डबा. बाहेरची हवा एका अरुंद नळकांड्यातून त्यात येते, फिल्टरमधून गाळली जाते आणि रबरी बुटातून कार्बोरेटरकडे जाते. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो. पण एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनानं जवळजवळ पंधरा भाग हवा लागते. आम्ही एकदा कागदावर हिशोब मांडला. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला 7500 फेरे फिरतं तेव्हा 3750 वेळा श्वास घेतं. त्याला 149.2 सीसीनं गुणलं, तर मिनिटाला सुमारे 560 लिटर हवा होते. प्रत्यक्षात सिलिंडर दर वेळी काठोकाठ भरत नाही, म्हणून थोडी कमी धरा. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. म्हणजे ते एवढंसं इंजिन भरलेल्या चर्चमधल्या साठ-सत्तर माणसांएवढा श्वास एकटं घेतं.

म्हणूनच मुलांना वाटतं की नळकांडं काढून टाकावं, डब्याच्या झाकणाला मोठी भोकं पाडावीत, की इंजिन मोकळा श्वास घेईल. हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. ते नळकांडं कारखान्यानं उगाच बसवलेलं नसतं. ते आत जाणाऱ्या हवेचा आवाज दाबतं, पाणी आणि चिखल अडवतं. त्याची लांबी-रुंदी इंजिनाच्या मधल्या वेगाला जोर मिळावा अशी ठरवलेली असते. ते काढलं की वरच्या वेगाला थोडी ताकद वाढते आणि खालच्या वेगाला बहुधा थोडी कमी होते. हवा वाढवली तर पेट्रोलही त्या मानानं वाढवावं लागतं. नाहीतर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, रेस सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो आणि प्लग काढून पाहिला तर पांढराफटक दिसतो. म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट मोठा घालायचा, गाडी चालवायची, प्लगचा रंग पाहायचा आणि पुन्हा बदलायचा. तो फिकट विटकरी रंगावर आला की गणित जमलं.

हे सगळं आम्हांला त्या पोरानं शिकवलं. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी क्रुसाची वाट संपली की तो आमच्या घरी यायचा. बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, दिव्याखाली गाडी उभी करायची आणि डबा खोलायचा. ड्रिल त्याच्या हातात, झाकण आमच्या हातात. मूळ फिल्टर काढून त्यानं धुवून पुन्हा वापरता येणारा फोमचा फिल्टर बसवला. जेट बदलून सेटिंग करायला मात्र म्हापशाच्या एका अनुभवी मेकॅनिककडे तो गेला. तिथून परतला तेव्हा गाडीचा आवाज घोगरा, भरदार झाला होता. पिकअपही सुधारला होता, त्याच्या म्हणण्यानुसार फार, आमच्या मते जरासा.

खरं सांगायचं तर आमचा आनंद गाडीचा नव्हताच. दृढीकरणाच्या संस्कारानंतर हे पोर आमच्या वर्गात कधी फिरकलं नव्हतं. मिस्साला आलं तर मागच्या बाकावर बसायचं आणि आशीर्वादाआधीच निघून जायचं. आता तेच दर शुक्रवारी आमच्या ओसरीवर तासन् तास बसत होतं. मोसमात मिळणाऱ्या टिपविषयी, बाहेर नोकरीसाठी जावं की न जावं याविषयी, कधीकधी देवाविषयीही बोलत होतं. आमच्या वर्गात त्याला जो श्वास मिळाला नाही तो इथं मिळत होता. हे गमावू नये असं फार वाटायचं. पुढं जे झालं त्याचं मूळ या वाटण्यातच आहे.

पुनरुत्थान सणानंतरच्या एका रविवारी सावंतवाडीच्या बाजूला एका माळावर मुलांनी आपापसांत कच्च्या वाटेवर गाड्या पळवायचं ठरवलं होतं. आदल्या शनिवारी तो शॅकमध्ये अडकला. त्यानं फोन केला, "पाद्रीन, तेवढा फिल्टर धुऊन ठेवाल? मला यायला रात्रीचा एक वाजेल." आम्ही म्हटलं, "काळजी करू नको."

फोमचा फिल्टर धुणं हे लहान पण कडक शिस्तीचं काम आहे. आधी रॉकेलमध्ये बुडवून जुनं तेल आणि माती सोडवायची. मग साबणाच्या पाण्यात धुवायचा, मुरडून न पिळता नुसता दाबायचा. सावलीत पूर्ण सुकू द्यायचा. मग खास चिकट तेल त्यात सगळीकडे सारखं मुरवायचं, कारण कोरडा फोम मोठे खडे अडवतो. बारीक धूळ धरून ठेवतं ते तेल. शेवटी काठाला ग्रीस लावून फिल्टर त्याच्या खाचेत चहूबाजूंनी बसला की नाही ते बोट फिरवून पाहायचं.

आम्हांला हे माहीत नव्हतं असं नाही. आमचे वडील म्हापशाला मोटारसायकल पायलट होते. पिवळ्या मडगार्डच्या गाडीवर मागं प्रवासी बसवून नेणारे हे पायलट गोव्याबाहेरच्या वाचकांना नवलाचे वाटतील. दर शनिवारी संध्याकाळी रोजरीआधी वडील एअर फिल्टर काढून साफ करायचे. पाव्हणे आले तरी ते काम टळत नसे. "पोट भरणाऱ्या गाडीच्या नाकात माती जाऊ द्यायची नसते," म्हणायचे.

त्या शनिवारी दुसऱ्या दिवशीच्या शास्त्रपाठांची तयारी बाकी होती. फिल्टर धुतला. फोम अर्धवट ओला होता. तेलाची बाटली पाहिली तर तळाशी चमचाभर तेल उरलेलं. दुकानं बंद झालेली. आम्ही ते चमचाभर तेल एका बाजूला चोळलं, फिल्टर डब्यात दाबला, झाकण लावलं. काठ खाचेत बसला का, हे पाहिलं नाही. फोन करून सांगितलं, "झालं रे." सकाळी तो गाडी घेऊन गेला.

उन्हाळ्यातला आमचा सडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती धूळ वेगळी सांगायला नको. पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे जांभ्याचीच माती. चिरेखाणींच्या कडेनं गाडी गेली की मागं लाल पडदा उभा राहतो, आणि पाचसहा गाड्यांच्या मागून जाणारा तर ती धूळच खातो. त्या मातीत लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात, सोबत क्वार्ट्झचे कण असतात. क्वार्ट्झ सिलिंडरच्या धातूपेक्षा कठीण. असे कण तेलात मिसळून पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये शिरले की आत पॉलिश पेपर चालू लागतो. बाहेरून काही कळत नाही. त्या रविवारी गाडी झकास पळाली. पोरगा हसत घरी आला.

दोन आठवड्यांनी गाडी निळा धूर मारू लागली. तेल घटू लागलं. चढावर दम जाऊ लागला. म्हापशाच्या त्याच मेकॅनिकनं इंजिन खोललं तेव्हा सिलिंडरवर उभे ओरखडे होते, रिंगा झिजल्या होत्या. ब्लॉक-पिस्टनसकट हाफ इंजिनचं काम सांगितलं. मोसम संपत आला होता, पगार थांबणार होता. पोरानं पावसाळ्यासाठी ठेवलेले पैसे त्यात जाणार होते.

तो आमच्या ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "त्यानं जेट चुकीचा घातला, पाद्रीन. गाडी पातळ चालली, तापली आणि गेली. आता माझ्याकडूनच पैसे मागतो."

आम्ही काही बोललो नाही. आमच्या मनात त्या क्षणी तो ओला फोम आला, ती रिकामी बाटली आली. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं संपलं असतं. पण वाटलं, हे पोर उठून जाईल आणि पुन्हा यायचं नाही. म्हणून आम्ही फक्त "हूं" केलं. त्या एका हुंकारावर त्यानं पुढचे तीन आठवडे आपल्या मित्रांना सांगितलं की त्या मेकॅनिककडे जाऊ नका. दोघा-तिघांनी खरंच जाणं सोडलं.

मे महिन्यात प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलांना आम्ही पहिल्या पापनिवेदनासाठी तयार करतो. सदसद्विवेकाची तपासणी कशी करावी यासाठी आमच्याकडे प्रश्नांची एक जुनी वही आहे, कितीतरी वर्षं तीच वापरतो. आठव्या आज्ञेखाली आम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेला प्रश्न फळ्यावर लिहायला घेतला: माझ्या चुकीचा आळ मी दुसऱ्यावर येऊ दिला का? अर्ध्यावर खडू थांबला. मागून एका मुलीनं विचारलं, "सर, पुढं काय लिहायचं?" आम्ही वाक्य पूर्ण केलं, मुलांना लवकर सोडलं आणि रिकाम्या वर्गात बराच वेळ बसून राहिलो.

खोटी साक्ष बोलूनच द्यावी लागते असं नाही. आम्ही एक शब्दही खोटा बोललो नव्हतो, तरी एका माणसाच्या पोटावर पाय आला होता.

त्या संध्याकाळी आम्ही आधी फादरांकडे गेलो. तिथं जे बोललो ते तिथंच राहो. फादरांनी एवढंच विचारलं, "त्या दोघांना कधी सांगणार?" दुसऱ्या दिवशी पोराच्या घरी गेलो. तो अंगणात बसला होता. बसायच्या आतच सांगून टाकलं: फिल्टर ओला होता, तेल पुरेसं नव्हतं, काठ तपासला नाही, चूक आमची.

तो बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "इंजिन खोललं त्या दिवशीच त्यानं मला सांगितलं होतं, 'धूळ गेली आहे, फिल्टर नीट बसला नव्हता.' रबरी बुटात पांढरं फडकं फिरवून दाखवलं होतं. लालभडक. मी त्याला म्हटलं, 'शक्य नाही. फिल्टर माझ्या पाद्रीननं स्वतःच्या हातानं धुतला होता.'"

बंधुभगिनींनो, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आमच्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून त्यानं डोळ्यांसमोरचं लाल फडकं नाकारलं होतं, आणि तो विश्वास धरून आम्ही तीन आठवडे गप्प बसलो होतो. तो उठला आणि आत गेला. त्या दिवशी तो पुन्हा बाहेर आला नाही.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "म्हापशाला जायचं आहे. याल?" आम्ही दोघं बसनं गेलो. गॅरेजमध्ये ग्रीसनं माखलेल्या त्या माणसासमोर आधी आम्ही माफी मागितली, मग त्यानं. मेकॅनिकनं हात पुसले आणि म्हणाला, "फडकं खोटं बोलत नाही. मी तर सांगितलंच होतं." मग चहा मागवला. ज्या मुलांनी त्याच्याकडे जाणं सोडलं होतं त्यांना पोरानं तिथूनच फोन केले. खर्च आम्ही देऊ केला. पोरानं अर्धाच घेतला. "डबा मीच कापला होता," म्हणाला. त्यावर आमचं काही चाललं नाही.

पवित्र शास्त्राच्या हिब्रू भाषेत वारा, श्वास आणि आत्मा यांना 'रूआख' हा एकच शब्द आहे. ग्रीकमध्येही 'प्न्युमा' तसाच. देवानं मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला, आणि पुनरुत्थित प्रभूनं बंद खोलीत भेदरून बसलेल्या शिष्यांवर श्वास टाकला, हे आम्ही वर्गात कितीदा शिकवतो. त्या शिष्यांवर श्वास टाकतानाच प्रभूनं पापक्षमेचा अधिकार त्यांच्या हाती दिला, हे योहानच्या शुभवर्तमानात त्याच ठिकाणी आहे. श्वास आणि क्षमा तिथं इतकी जवळजवळ का आली असावीत, हा प्रश्न आम्हांला एवढ्या वर्षांत कधी पडला नव्हता. तो एका फोमच्या तुकड्यानं पाडला.

आमच्या तरुणांना ख्रिस्तसभेत मोकळी हवा हवी आहे, आणि आम्ही वडीलधाऱ्यांनी काही नळकांडी नुसता आवाज दबावा म्हणून बसवून ठेवली आहेत, हे मान्य करायला हवं. काही मात्र चिखल अडवण्यासाठी आहेत. कुठलं कशासाठी आहे हे न पाहता कापू नये, आणि न पाहता जपूही नये. पण आमच्यासारख्यांसाठी खरी शिकवण यापुढची आहे. फिल्टर धूळ अडवतो म्हणजे काय करतो? ती स्वतःत धरून ठेवतो. म्हणजे सगळ्यांत जास्त मळतो तो फिल्टरच. धर्मशिक्षक, आईवडील, धर्मपिता यांचं काम असंच मधल्या जागेचं आहे. आपण मधे उभे आहोत म्हणून आपण स्वच्छच आहोत, असं आम्ही धरून चाललो होतो. उलट, मधे उभा असलेल्यालाच वरचेवर धुवून घ्यावं लागतं. आम्ही मुलांना पापनिवेदनाला रांगेत उभं करत होतो आणि स्वतः शेवटचे कधी गेलो होतो ते आठवावं लागत होतं.

आता पाऊस सुरू झाला आहे. पोरानं जुनं झाकण शोधून काढून नळकांड्यासह पुन्हा बसवलं आहे. पाण्यापावसात तेच बरं, आणि शेजारच्या म्हाताऱ्या बायना दुपारी झोप लागते. जेटही पुन्हा मूळचा घातला आहे. पाऊस ओसरला की बघू, म्हणतो. मिस्साला तो अजून मागच्याच बाकावर बसतो, पण हल्ली आशीर्वाद होईपर्यंत थांबतो. दर शनिवारी संध्याकाळी गाडी आमच्या ओसरीवर येते. फिल्टर तो स्वतः धुतो. आमच्याकडे टॉर्च धरायचं काम आहे. काठ बसला की तो म्हणतो, "पाद्रीन, बोट फिरवून बघा." आम्ही बोट फिरवतो. मग बुटात पांढरं फडकं फिरवून दोघंही ते उजेडात धरतो.

या आठवड्यात एवढंच करू या. ज्या माणसावर आपल्यामुळे आळ आला आहे आणि आपण गप्प आहोत, असं कुणी आठवतं का ते पाहू. आठवलं, तर रविवारच्या मिस्साआधी त्याला भेटू.

प्रभू येशू, आमच्यावर तुझा श्वास टाक. तो दुसऱ्यांपर्यंत पोचताना आमची धूळ त्यात मिसळू देऊ नकोस. आमेन.